मानाच्या पिकअपची उंची

माणसाची उंची जन्माने ठरते, त्याच्या गाडीची मात्र कर्तृत्वाने. हे सत्य कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नसलं, तरी आमच्या वाघुळखेडात ते सर्वमान्य आहे, आणि सर्वमान्य गोष्ट लिहून ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. वाघुळखेड दुसरबीडच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत वळल्यावर लागतं (न लागल्यास परत फिरून विचारावं). गावाला वेस आहे. वेशीची कमान पूर्वीच पडली. दोन दगडी खांब उरले, आणि ते पाडायचं काम कुणीच अंगावर न घेतल्यामुळे ऐतिहासिक ठरले.

मी या गावच्या पोळा उत्सव समितीचा सचिव. हे पद मानद आहे, म्हणजे काम मी करतो आणि फोटोत अध्यक्ष असतात. यंदाच्या पोळ्याबद्दल आसपासच्या गावांत बरंच उलटसुलट बोललं जातंय, मोबाइलवर चित्रफितीही फिरताहेत. त्यामुळे घडलं ते अधिकृतपणे सांगणं मला भाग आहे.

आमच्याकडे पोळ्याला वेशीच्या दोन्ही खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. गावातले बैल वेशीबाहेरच्या मैदानात ओळीने उभे राहतात. मानाची जोडी पुढे येते, तिच्या शिंगांनी तोरण तुटतं, आणि मग पोळा फुटला असं म्हणतात. पोळा फुटल्याशिवाय गावात एकाही घरी पुरणाचं ताट वाढलं जात नाही. ही मानाची जोडी उत्तमरावांच्या घरची. किती पिढ्यांपासून, असं विचारलं की उत्तमराव बोट वर करून आभाळ दाखवतात. समितीने तो आकडा ग्राह्य धरलेला आहे.

अलीकडे बैलांच्या बाबतीत गावाने मोठी प्रगती केली आहे, म्हणजे बैल जवळजवळ उरलेले नाहीत. नांगरटीला ट्रॅक्टर आला, माल न्यायला पिकअप आली, आणि शेवटी सत्यभामाबाईंची तेवढी एक जोडी राहिली. सत्यभामाबाई एकट्या, थोडक्या जमिनीच्या धनी. प्रगती त्यांच्या बांधापर्यंत पोचलेली नाही. उत्तमरावांनीही आपली जोडी विकली. विकली त्या दिवशी ते दिवसभर रिकामा गोठा झाडत होते. झाडून झाला की पुन्हा झाडत होते. आता त्या गोठ्यात त्यांच्या मुलाची, गजेंद्रची, पिकअप उभी असते.

बैलांशिवाय पोळा कसा भरवायचा, हा प्रश्न समितीपुढे आला तेव्हा समितीने तो धाडसाने सोडवला. ठराव असा झाला, की जे शेतमाल वाहतं ते कार्याने बैलच होय, सबब पिकअपला पोळ्यात उभं राहण्याचा पूर्ण अधिकार आहे. ट्रॅक्टरला वगळण्यात आलं. गावातले बहुतेक ट्रॅक्टर भाड्याचे, आणि भाड्याच्या बैलाला कुणी पुरणपोळी घालत नाही.

तपशिलाचे प्रश्न पुष्कळ निघाले. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून खांदशेकणी करतात. पिकअपचा खांदा कोणता? एका सदस्याने बॉनेट सुचवलं, दुसऱ्याने आरसे. अखेर जिथे ओझं पेललं जातं तो खांदा, या न्यायाने मागच्या चाकांवरचे पोलादी पाटे हाच पिकअपचा खांदा ठरला. तेव्हापासून वाघुळखेडातल्या पाट्यांना दरवर्षी साजूक तूप लागतं. (गंज कमी झाल्याचं निरीक्षण आहे. करकर तशीच आहे.) शिंगांच्या जागी दोन आरशांना गोंडे बांधायचे, झूल बॉनेटवर घालायची, आणि घुंगुरमाळ वायपरला, असंही ठरलं. वायपर चुकून सुरू झाल्यास तो मंगलध्वनी समजावा.

सगळं रीतसर बसलं. फक्त उंची बसेना. तोरणाची उंची आमच्याकडे पूर्वापार ठरलेली आहे. उत्तमरावांच्या आजोबांच्या बैलाची बाशिंग बांधलेली शिंगं जिथे पोचत, तिथे खांबावर खाच आहे. पिकअपचा टप त्या खाचेच्या चार बोटं खाली राहतो. त्यामुळे पहिल्या वर्षी उत्तमरावांची पिकअप वाजतगाजत तोरणाखालून गेली आणि तोरणाला कळलंसुद्धा नाही. लोक वाट बघत राहिले. शेवटी सत्यभामाबाईंच्या बैलाने कंटाळून तोरणाची पानं खायला मान वर केली आणि पोळा फुटला.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, प्रकरण चिघळलं. ज्ञानेश्वर म्हणून आमच्याकडे एक कांद्याचे व्यापारी आहेत. त्यांनी कुठूनशी आपली पिकअप थोडी उंच करून आणली होती. त्यांच्या टपाचा तोरणाला ओझरता स्पर्श झाला आणि एक पान पडलं. पान पडलं म्हणजे पोळा फुटला का, यावर गावात दोन तट पडले. समितीने मधला मार्ग काढून 'पोळा तडकला' असं जाहीर केलं. ज्ञानेश्वरांनी त्याच संध्याकाळी मानाचा फेटा बांधून मिरवून घेतलं. उत्तमराव जेवले नाहीत.

तेव्हा यंदासाठी ठराव असा झाला: पहिली संधी परंपरेने उत्तमरावांची. त्यांच्या गाडीने तोरण तुटलं तर मान त्यांच्याकडे. न तुटलं, तर तो कायमचा ज्ञानेश्वरांच्या घरी. मानाची जोडी स्वतःच्या बळावर तोरणाखालून आली पाहिजे, अशीही एक अट जुन्या काळापासून आहे. ती यंदा मोठ्याने वाचून दाखवण्यात आली, कारण वाचून दाखवण्यासारखं तेवढंच होतं.

उत्तमराव घरी आले आणि मुलाला म्हणाले, "गज्या, गाडी उंच करा लागते."

इथे त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई यांनी एक हरकत घेतली. ती विषयाला सोडून असली तरी नोंदवतो.

"आवो, टपावर एक काठी बांधा ना," त्या म्हणाल्या. "नाईतं तोरन चार बोटं खाली बांधा. त्यासाठी अख्खी गाडी काऊन उंच करून राह्यले?"

"तुले नाई समजत. बैलाले कधी काठी बांधली होती का?"

"बैलाचे पाय तरी कुठं लांब केले होते?"

उत्तमराव चपला घालून बाहेर पडले. तोरण खाली बांधण्याची सूचना मी समितीपुढे ठेवली. परंपरेला हात लावता येणार नाही, असं समितीने कळवलं. काठीची सूचना शोभेच्या कारणावरून फेटाळली गेली. आरशांना गोंडे बांधलेल्या आणि वायपरला घुंगरं लावलेल्या गाडीवर काठी बरी दिसली नसती, हे मलाही मान्य आहे.

आता गाडी उंच करणे या विषयाची थोडी माहिती. कायद्याने गाडीच्या मूळ बांधणीत असा बदल करता येत नाही. म्हणून हे काम भर रस्त्यावर, दिवसाढवळ्या, मोठी पाटी लावूनच केलं जातं. चोरून करण्यासारखं आपण काही करत नाही, हे त्यातून आपोआप सिद्ध होतं. दुसरबीडला अकरमचं असं गॅरेज आहे. सुटे भाग मलकापूरहून येतात, मलकापूरला ते रेल्वेने येतात, आणि रेल्वेत ते कुठून येतात हे अकरम सांगत नाही. गाडीच्या पुढच्या स्प्रिंगखाली जाड चकत्या बसवायच्या, मागच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे सरकवून लांब बोल्टांनी आवळायचे, की गाडी वर उठते. इतकं हे सोपं आहे. अवघड आहे ते किती वर, हे ठरवणं.

"उत्तमकाका, गाडी उंच करनं आधी मनातून ठरवा लागते," अकरम म्हणाला. "आपल्याकडे तीन परकार हायेत. दोन इंच म्हंजे शौक. चार इंच म्हंजे रुबाब. अन् सहा इंच म्हंजे दहशत."

"फरक काय हाये बे त्याच्यात?" गजेंद्रने विचारलं.

"शौक असला का लोक पाह्यतेत. रुबाब असला का बाजूले होतेत. दहशत असली का पोलीस पाह्यतेत."

उत्तमरावांना खरं तर तोरणापुरती उंची हवी होती. पण तोरणापुरतं असं काही त्या तक्त्यात नव्हतं. त्यांनी रुबाब घेतला. चारच दिवसांत ज्ञानेश्वरांच्या गाडीत दहशत बसल्याची बातमी आली. ज्ञानेश्वरांना रस्त्यात गाठून मी अधिकृत विचारणा केली, तेव्हा ते म्हणाले, "तसं काई नाई सचिवसाहेब. इंजिनाले खालून जराशी हवा लागाव म्हून उंच करून राह्यलो." त्यावर उत्तमरावांनीही दहशत घेतली. मग ज्ञानेश्वरांनी इंजिनाला आणखी थोडी हवा दिली. दोघांचंही काम अकरमच करत होता, पण एकाचं गुपित दुसऱ्याला सांगण्यातला तो माणूस नाही. तो फक्त तयार गाडी दिवसभर रस्त्यावर उभी करून ठेवायचा.

आठ इंचांवर अकरमच्या तक्त्यातली नावं संपली. त्याने बराच विचार करून त्या उंचीला 'अल्ला मालिक' असं नाव दिलं आणि गजेंद्रची गाडी तिथे नेऊन ठेवली.

आता चाकांचा प्रश्न उभा राहिला. एवढ्या उंच गाडीखाली जुनी चाकं म्हणजे पहिलवानाच्या पायात पोराच्या चपला, हे कुणालाही दिसत होतं. चाकं मोठी तर हवीतच, पण रुंद किती हवीत? या विषयावर मी स्वतः दुसरबीडच्या स्टँडवर पाहणी केली (नमुना: चहा पिणारे). निम्म्या लोकांनी उंचीला महत्त्व दिलं, निम्म्यांनी रुंदीला, आणि उरलेल्यांनी चहा कोण पाजणार हे विचारलं. अकरमचं मत मात्र स्पष्ट होतं.

"काका, चाकाले रुंद डिश टाका. मडगार्डच्या चांगली वीतभर भाईर आली पाह्यजे. चाक आतच राह्यलं तं समोरच्याले कसं समजन का आपल्याले चाक हाये?"

हा युक्तिवाद खोडून काढणारा कुणी स्टँडवर निघाला नाही. चाकं दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर आली. वळताना ती मडगार्डला घासू लागली म्हणून मडगार्ड कापण्यात आलं. कापलेलं वाईट दिसू लागलं म्हणून त्यावर रबराची काळी पट्टी लावण्यात आली, आणि पट्टी शोभून दिसावी म्हणून ती आणखी थोडी बाहेर घेण्यात आली. असं एकेक करत गाडी पूर्णत्वाला गेली.

गाडी गावात आली तेव्हा लोकांनी फटाके फोडले. खरोखरच ती भव्य दिसत होती. काही किरकोळ परिणाम झाले, तेही प्रामाणिकपणे सांगतो. गाडीचा मागचा हौदा पूर्वी हमालांच्या छातीला लागायचा, तो आता डोक्यावरून गेला. मुगाची पोती भरायला बाजारात हमालांनी शिडी मागितली. हेडलाइटचा उजेड रस्त्यावर पडेनासा झाला आणि लिंबाच्या शेंड्यावर पडू लागला. (बगळ्यांची तक्रार अद्याप आलेली नाही.) वळणावर गाडी आधी विचार करते आणि मग वळते. मनकर्णाबाई माहेरी लोणारला गेल्या त्या स्टूल लावून चढल्या. येताना ते स्टूल लोणारलाच राहिलं, म्हणून घरी आल्यावर त्या बराच वेळ गाडीतच बसून होत्या. तेवढ्या वेळात त्यांनी वरूनच गल्लीतल्या दोन भांडणांचा निकाल लावला.

पोळ्याच्या आधी समितीने वेशीवर जाऊन उंचीची रीतसर तपासणी केली. एक बांबू आणला. तोरणाची खाच जमिनीपासून मोजली, गाडीचा टप जमिनीपासून मोजला, मग खात्रीसाठी बांबू उलटा करून पुन्हा मोजलं. गाडीची पुढची काच तोरणाला भरपूर लागत होती. उत्तमरावांनी समितीला पेढे दिले. मोजण्यासारखं होतं ते सगळं मोजून झालं, असं एकमताने ठरवून आम्ही घरी गेलो.

पोळ्याचा दिवस उजाडला. आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता आणि मैदानातली काळी माती लोण्यासारखी झाली होती. गाड्या सजून ओळीने उभ्या राहिल्या. सत्यभामाबाईंची जोडी शेवटी, एका बाजूला. बैलांच्या अंगावर जुनीच पण धुतलेली झूल होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बघ्यांचा भाव होता. रिवाजाप्रमाणे झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या. पूर्वी झडत्यांत शंकर-पार्वती आणि नंदी असायचे. यंदा ओळीतून कुणीतरी ही नवी म्हटली:

"गव्हानीत जॅक, दावनीले टायर,
खुट्याले बांधली बॅटरीची वायर,
गाडी केली उंच, चढाले नाई जिना,
धनीन म्हने उतरवा मले, झाला एक महिना!
हर बोला हर हर महादेव!"

मनकर्णाबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. उत्तमराव हसले नाहीत. फेटा बांधून ते गजेंद्रच्या शेजारी वर बसले होते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. ते विकलेल्या बैलांची नावं घेत होते.

वाजंत्री सुरू झाली. गाडी निघाली. पुढे दोन दगडी खांब, वर तोरण, पलीकडे आरत्या घेऊन गावातल्या बायका. काच तोरणापासून दोन हातांवर आली, एका हातावर आली, आणि चीं असा आवाज होऊन गाडी थांबली.

दोन्ही पुढची चाकं दोन खांबांच्या मध्ये पाचर ठोकल्यासारखी बसली होती.

रुंदी कुणी मोजलीच नव्हती. यात समितीचा दोष काढता येणार नाही. पिढ्यानपिढ्या इथून बैल गेले आणि बैलाची रुंदी मोजायची वेळ कधी आली नाही, कारण जागा कमी पडली की बैल अंग चोरतो. गाडीला अंग चोरता येत नाही, ही बाब समितीच्या लक्षात पहिल्यांदाच आली.

गजेंद्रने जोर दिला. मागची चाकं गरगर फिरली आणि काळ्या मातीत अर्धी खाली गेली. आता गाडी पुढे जाईना, मागे येईना. तोरण काचेसमोर एका हातावर हलत होतं. मागे सगळ्या गाड्या अडल्या. पलीकडे घरोघरी पुरण निवत होतं, पोरं रडायला लागली होती, आणि पोळा फुटल्याशिवाय कुणालाही घासभर मिळणार नव्हतं.

एकाने ट्रॅक्टर आणून गाडी मागे ओढायची तयारी दाखवली. उत्तमराव वरून ओरडले, "मानाचा बैल मांगं सरत नसते!" म्हणजे पुढूनच ओढावी लागणार. वेशीच्या एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला नाली. ट्रॅक्टर सगळे वेशीबाहेरच्या बाजूला. नालीच्या कडेने माणूस जाऊ शकतो, बैल जाऊ शकतो, ट्रॅक्टर जाऊ शकत नाही. हे गणित सगळ्यांचं एकाच वेळी सुटलं आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

उत्तमराव खाली उतरले (दोघांनी धरून उतरवलं) आणि सत्यभामाबाईंजवळ गेले.

"सत्यभामा, तुही जोडी दे वं घडीभर."

"कायले?"

"गाडी ओढाले."

सत्यभामाबाईंनी पदर खोचला. "उत्तमभाऊ, आज पोया हाये. आज बैलाच्या खांद्यावर कोनी जू ठेवते का? माह्या सासऱ्यानं एकदा पोयाले बैल जुपला होता, तं तुमच्या बापानं त्याईले अख्ख्या गावात उभं करून सुनावलं होतं."

उत्तमरावांची मान खाली गेली. परंपरा त्यांचीच होती. त्यांनी विचारलं, "मंग ओढन कोन?"

"तुमाले कुठं सुट्टी हाये आज?" सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि बैलांच्या पाठीवर हात फिरवू लागल्या.

असा प्रश्न आमच्या समितीपुढे यापूर्वी कधी आला नव्हता. मी कार्यवृत्तासाठी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात उत्तमरावांनी फेटा काढून माझ्या हातात दिला, पिकअपच्या हौद्यातला जाड दोर घेतला, त्याचं एक टोक गाडीच्या पुढच्या हुकात अडकवलं आणि दोर स्वतःच्या खांद्यावर घेऊन तोरणापलीकडे उभे राहिले. म्हातारा एकटा दोर धरून उभा राहिलेला बघवेना. आपलं काम बघायला आलेला अकरम धावला. मग आम्ही समितीचे सदस्य गेलो. गजेंद्र स्टेअरिंगवर राहिला.

ज्ञानेश्वर आपल्या गाडीत बसून मजा बघत होते. मजा बघायला त्यांची हरकत नव्हती, पण त्यांच्या घरीही पुरण निवतच होतं. शेवटी ते उतरले, नालीच्या कडेने आले आणि सगळ्यांना ओलांडून उत्तमरावांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मागे उभं राहणं त्यांना शोभलं नसतं. उत्तमरावांनी त्यांच्याकडे बघितलं, दोराचा अर्धा भाग त्यांच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "पाय रोवून ठेव. डाव्या अंगाले ओढ."

"मले नको शिकवू," ज्ञानेश्वर म्हणाले आणि डाव्या अंगाला ओढू लागले.

मैदानात दोनशे माणसं आणि दोन बैल. पैकी बैल उभे होते. सत्यभामाबाईंनी त्यांना डालीतून आंबोण काढून दिलं, ते खात खात ते आमच्याकडे बघत होते. एकाने हर हर महादेव म्हटलं, दुसऱ्याने जुन्या सवयीने "हो हो, चाल बे राजा!" अशी हाक दिली, आणि खरं सांगतो, त्या हाकेने आमच्या पायांत बळ आलं. दगड कुरकुरले, रबराच्या काळ्या पट्ट्या सोलून निघाल्या, एका चाकाची डिश वाकडी झाली, आणि गाडी धपकन पुढे आली. काच तोरणावर आदळली. पानं आमच्या डोक्यांवर पडली. पोळा फुटला.

एकच जल्लोष झाला. त्या जल्लोषातही ज्ञानेश्वरांचं भान सुटलं नव्हतं. दोर खांद्यावर तसाच, धाप लागलेली, आणि ते ओरडले, "सचिवसाहेब, लिवून घ्या! गाडी सोताच्या बळावर नाई आली! ओढून आनली!"

"मग कुणाच्या बळावर आली?" मी विचारलं.

"आपनच तं ओढून आ..." ते म्हणाले, आणि तिथेच थांबले.

अट सगळ्यांसमोर वाचून झालेली होती. मानाची जोडी स्वतःच्या बळावर तोरणाखालून आली पाहिजे. समितीने हातातला दोर न सोडता तिथेच बैठक घेतली आणि निर्णय दिला, की गाडी अपात्र आहे. यंदा तोरण तोडण्याचा मान दोर ओढणाऱ्या पुढच्या जोडीला, म्हणजे उत्तमराव आणि ज्ञानेश्वर यांना, विभागून न देता एकत्रच देण्यात येत आहे. जोडी विभागता येत नाही.

मनकर्णाबाई आरतीचं ताट घेऊन गाडीपाशी आल्या होत्या. बॉनेटवर कुंकू लावायला त्यांनी हात वर केला, हात पोचला नाही. मग त्या वळल्या. चिखलाने माखलेले, दोर खांद्यावर घेतलेले ते दोघं समोर उभे होते. बाईंनी तांब्यातलं पाणी दोघांच्या पायांवर घातलं, कपाळावर कुंकू ओढलं आणि पुरणपोळीचा एकेक घास दोघांच्या तोंडासमोर धरला.

"खा राजेहो," त्या म्हणाल्या, "लय वर्सानं गोठ्यात बैल आले."

ज्ञानेश्वर घास चावता चावता हसू लागले. मग उत्तमराव हसले. ते इतके हसले की त्यांना नालीच्या कडेला बसावं लागलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं. जोडी विकल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. सचिवाच्या पदाला हे शोभत नाही, पण वाटलं ते वाटलं.

पुढच्या आठवड्यात अकरमकडे वाघुळखेडच्या आणखी चार गाड्या लागल्या. लोकांचं म्हणणं असं, की चूक उंचीत नव्हती, रुंदीत होती. समिती खांब रुंद करता येतील का, याचा विचार करते आहे. सत्यभामाबाईंनी त्यासाठीच्या बैठकीला यायला नकार दिला. त्यांना नांगरट करायची होती.

आता वाचकांसाठी दोन शब्द. तुम्ही शहाणीसुरती माणसं, मोठ्या गावात राहता, आमच्या गावाला हसलात. समितीला त्याचा आनंदच आहे. पण तुमच्या इमारतीखाली ती तुमची उंच गाडी उभी आहे ना? (गाडी नसल्यास हा परिच्छेद फ्लॅटला लावून वाचावा.) डोंगर चढायला, नदी ओलांडायला बनवलेली. तिने आजवर ओलांडलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे फाटकापुढचा गतिरोधक. ती कुणाच्या गाडीपेक्षा चार बोटं उंच असावी म्हणून घेतलीत, हे समिती विचारणार नाही. आमचंही तसंच झालं होतं. एवढंच सांगा, की उद्या सकाळी डबा घेऊन, मान खाली घालून, त्या गाडीच्या हप्त्यांसाठी जो माणूस तुमच्या घरातून बाहेर पडणार आहे, त्याचा पोळा कधी असतो? आम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. सत्यभामाबाईंचे बैल विचारत होते.